पाणी तोडा, मग पळस फुलतो: नागपूरच्या अंगणात फाल्गुनात फुलणारी आपली झाडं

2009 साली बेसा रोडकडच्या ले-आऊटमध्ये घर बांधलं, तेव्हा मागच्या कोपऱ्यात मी पळस लावला. शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या, "पळस काय घरी लावायची गोष्ट हाय का बाप्पा? थो त धुऱ्यावर फुकटचा येते." धुरा म्हणजे शेताचा बांध. मी लक्ष दिलं नाही. 2018 पर्यंत झाड पंधरा फुटांचं झालं. पानं अशी मोठी की आमच्याकडच्या सत्यनारायणाला द्रोण घरचेच झाले. फूल मात्र एक नाही. फेब्रुवारीत काटोल रोडनं माहेरी जाताना दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसायचा, पानाचा पत्ता नाही, नुसती फुलं. घरी परत यावं तर माझं झाड हिरवंगार, जसं काही श्रावण चालू आहे.

त्या वर्षी बाबा आले होते. त्यांची आयुष्यभर संत्र्याची बाग. पळसाभोवती एक चक्कर मारली, लॉनवर फिरणाऱ्या फवाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याचं पाणी कवा तोडतं?" मी म्हटलं, तोडत नाही, रोज सकाळी अर्धा तास चालू असतं. ते म्हणाले, "मंग कायची बहार येते बाई."

बागाईतदाराच्या मुलीला हे सांगावं लागावं, याची लाज वाटली. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी बंद करून झाडाला ताण देतात. भारी काळ्या जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. पानं मलूल होतात, काही गळतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात. पळस, सावर आणि पिवळ्या फुलांची गणेरी या झाडांना हा ताण कोणी द्यावा लागत नाही, ती तो ऋतूकडूनच घेतात. नागपूरला वर्षाकाठी साधारण 1100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या चार महिन्यांत ही झाडं खोडामुळांत साठवण करतात, हिवाळ्यात पानं टाकतात आणि उघड्या फांदीवर कळी काढतात. संत्र्याला ताण तोडायला पाणी लागतं, यांना तेही लागत नाही.

आम्ही त्या दिवाळीनंतर पळसाच्या बाजूचं लॉन उपटून टाकलं. पहिल्या फाल्गुनात दोन-तीन फांद्यांना कळ्या आल्या. 2020 च्या फेब्रुवारीअखेर झाड भरून फुललं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या एका चुकीतून शिकलेलं आहे.

आमच्याकडे वसंत कधी येतो

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. नागपुरात चैत्र निम्मा होईस्तोवर पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि कूलरला नवा वाळा लागलेला असतो, म्हणून तो वसंत आमच्या कामाचा नाही. आमचा वसंत माघ उतरता उतरता लागतो आणि फाल्गुनाबरोबर संपतो. मी तेवढ्यात फुलणारी झाडंच धरते. बहावा मला प्रिय आहे, पण तो एप्रिल-मेचा, त्याची पंगत वेगळी.

अजून एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेरच्या टेकड्यांवर फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या काड्या दिसतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ते बहुतेक वेळा गिरिपुष्प असतं, म्हणजे उंदीरमारी. ते मध्य अमेरिकेतून आलेलं. रस्त्याकडेचा गुलाबी टॅबेबुयाही तिकडचाच. दिसतात सुंदर, माझं काही भांडण नाही, पण "देशी झाड द्या" म्हणून नर्सरीत गेलात आणि ही रोपं हातात पडली तर घेऊ नका.

आधी माती बघा

नागपुरात टेकाडावर एक आणि सखल भागात दुसरी, अशा दोन तऱ्हेच्या जमिनी भेटतात. सेमिनरी हिल्स, हिंगणा या पश्चिमेच्या बाजूला खाली काळा बेसाल्ट, त्यामुळे टेकाडावर फूट-दीड फुटावर मुरूम लागतो, पाणी लगेच उतरतं. सखल भागात मात्र तीच बेसाल्टची माती खोल, काळी, चिकट होऊन बसलेली असते. आमच्याकडे तीच आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कंपाउंडच्या भिंतीला दर वर्षी एक नवी चीर देते.

ओळखायला सोपी रीत आहे. दोन फुटी खड्डा करा, बादलीभर पाणी ओता, ते जिरल्यावर पुन्हा बादलीभर ओता आणि झोपायला जा. सकाळी खड्डा कोरडा असेल तर कोणतंही झाड लावा. तळाला पाणी दिसत असेल तर पळस, कांचन सरळ लावा आणि बाकीच्यांसाठी उंचवटा करा. गच्चीवाल्यांना ही चिंता नाही, त्यांनी धायटीकडे जावं.

पळस

मराठीत पळसाला पानं तीनच, आणि नर्सरीवाल्यासाठी नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. शेंग चपटी, कागदासारखी, आणि बी फक्त टोकाशी एकच. तिलाच पळसपापडी म्हणतात. हे लक्षात ठेवलं तर बी गोळा करताना फसत नाही: शेंग उजेडात धरायची, टोकाशी भरीव गोल दिसला आणि भोक नसलं तर ठेवायची. किडीनं पोखरलेल्या खूप निघतात. मेअखेर रस्त्याकडेच्या, धुऱ्यावरच्या झाडांखाली पडलेल्या शेंगा उचला. जंगलातून, त्यातही व्याघ्र प्रकल्पातून काही आणू नका.

बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नसतं, ताजंच रुजतं. मृग लागून एक-दोन चांगले पाऊस झाले की जिथे झाड हवं तिथेच अख्खी शेंग आडवी ठेवून बोटभर माती सारा. एका जागी तीन-चार शेंगा, पुढे एकच ठेवायचं. पिशवीत रोप करायचा मोह टाळा. पळस आधी खाली वाढतो, त्याचं सोटमूळ पिशवीच्या तळाला जाऊन वेटोळं घेतं आणि ते वेटोळं जन्मभर राहतं. पिशवीतलंच घ्यायचं असेल तर त्याच पावसाळ्यातलं, वीतभराचं घ्या. चार फुटी "तयार" झाड महाग पडतं आणि मागेच राहतं.

पहिली दोन-तीन वर्षं रोप तुम्हाला रडवतं. पावसाळ्यात चार पानं काढतं, एप्रिलमध्ये वरचा दांडा वाळून जातो. मी माझं पहिलं रोप मेलं समजून उपटलं, तर खाली गाजरासारखं जाड, जिवंत मूळ निघालं. जीव चुटपुटला. तो दांडा वाळू द्यायचा, काठीनं जागा खुणावून ठेवायची. पावसात तळातून पुन्हा फुटतो, दर वेळी थोडा जाड. एक दिवस वर जायला लागतो, मग थांबत नाही.

काळी माती, थोडी चोपण म्हणजे क्षारवट जमीन, पावसाळ्यात आठ दिवस साचलेलं पाणी, सगळं पळसाला चालतं. चालत नाही ती सावली आणि लाड. दिवसभराचं ऊन हवं. घराच्या उत्तरेला, दोन मजली भिंतीच्या आडोशाला लावलात तर पानांचे द्रोण करत बसा.

पिवळ्या पळसाबद्दल मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. असतो, विरळा असतो. त्याच्या नावावर मुळी, साल, फूल विकणारे भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. सालीसाठी ओरबाडलेली झाडं मी पाहिली आहेत.

धायटी, म्हणजे लहान प्लॉटवाल्यांचा पळस

पंधराशे फुटांच्या प्लॉटवर घर बांधून जी चार हात जागा उरते, तिच्यासाठी माझं उत्तर धायटी. झुडूप पाच ते आठ फुटांचं, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या, आणि जानेवारीच्या शेवटापासून त्या फांद्यांना अंगालगत लाल नळ्या फुटतात. फूल ओसरलं तरी लाल नळी बरेच दिवस टिकते, म्हणून झुडूप दीड-दोन महिने लाल दिसतं. आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात, धातकी म्हणून. आमच्या गच्चीवर अठरा इंची कुंडीत एक आहे. फेब्रुवारीत सकाळी सातला चहा घेऊन बसलं की शिंजीर पक्षी येतो, नर जांभळा-काळा चकचकीत, आणि एकेक नळी तपासत जातो. वर्तमानपत्र तसंच राहतं.

बी राईहून बारीक. ते मातीत पुरलं की संपलं. जूनमध्ये पसरट कुंडीत गाळलेलं शेणखत, माती, बारीक मुरूम सारखं घ्या, पाणी देऊन ओलं करा आणि बी वरून नुसतं भुरभुरवा. झाकू नका. वरून झारी मारू नका, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. रोपं दोन बोटं झाली की वेगळी करा. फांदीपासूनही होतं, पण माझ्या दहा काड्यांतल्या दोनच लागल्या.

छाटणीत लोक चुकतात. धायटी जुन्या फांदीवर फुलते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यानं तिला गोल, नीटनेटकी करून दिली की त्या वर्षाच्या कळ्या त्याच्या टोपलीत गेल्या. कात्री लावायची ती एप्रिलमध्ये, फुलं संपल्यावर, आणि तीही हलकी. खरं तर या यादीतल्या सगळ्याच झाडांना दसऱ्यानंतर कात्री दाखवू नये.

गणेरी आणि माझा कूलर

गणेरी, कोणी सोनसावर म्हणतात. तळहाताएवढी पिवळीधमक फुलं, रेशमी पाकळ्या, खाली एक पान नाही. खडकाळ, उतारावरचं झाड. पेंचकडच्या दगडी उतारांवर पाहिलं आणि घरी हवंच असं झालं.

2014 साली रोप लावलं, तीन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेलं. 2017 च्या मेमध्ये उघडं-बोडकं झाड उन्हात उभं पाहून मला दया आली आणि मी कूलरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप त्याच्या बुंध्याशी सोडला. नागपूरकरांना सांगायला नको, त्या दिवसांत कूलर चोवीस तास चालतो. दोन महिने काळ्या मातीत तो बुंधा भिजत राहिला. जुलैत हात लावला तर साल मऊ, काळी पडलेली, आणि वास. आठवड्यात झाड कललं. शिवाय आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, कूलरमध्ये उडून उडून उरतं ते आणखी खारट. आता तो पाइप केळीकडे वळवला आहे, तिथेही मधून साधं पाणी देते.

दुसरं झाड मी उंचवट्यावर लावलं. दोन फूट उंच, चार फूट रुंद ढीग: दोन घमेली मुरूम, एक घमेलं विटांचे तुकडे, एक घमेलं काळी माती या हिशेबानं. शेणखत अगदी थोडं. बी कठीण कवचाचं, वर कापसासारखे तंतू. तंतू काढून टाकायचे, बी एका बाजूनं सँडपेपरवर घासायचं, आतला पांढरा रंग दिसेपर्यंतच, मग रात्रभर पाण्यात. घासलेली रुजली, न घासलेल्यांची मी अजून वाट बघते आहे. ढिगावरचं झाड आता दर फेब्रुवारीत फुलतं. उन्हाळ्यात त्याच्याकडे बघून वाईट वाटलं तर घरात जाऊन बसावं.

सावर लावण्याआधी

काटेसावर भराभर वाढते, काळ्या खोल गाळाच्या जमिनीत तर पाहता पाहता दुसऱ्या मजल्याला जाते. लाल, मांसल, वाटीसारखी फुलं, मैना आणि बुलबुल यांची जत्रा. पण घराच्या प्लॉटवर लावू नका, हे मी काटेसावरीवर प्रेम असूनच सांगते. बुंध्याला पुढे भिंतीसारखे आधार फुटतात, लाकूड मऊ, आणि आमच्याकडच्या मे-जूनच्या वादळात फांद्या तुटून खाली येतात. फूल टिनावर पडलं की दगड पडल्यासारखा आवाज. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटली की कापूस उडून कूलरच्या वाळ्याला चिकटतो, शेजारी बोलायचं बंद करतात. आणि एकदा वाढलेलं झाड नको झालं म्हणून तोडता येत नाही, शहरात 1975 च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते. ले-आऊटची मोकळी जागा, शाळेचं मैदान, नाल्याचा काठ असेल तर जरूर लावा. पहिली काही वर्षं खोडावर शंकूसारखे काटे असतात, मुलांच्या पायवाटेपासून लांब लावा.

कांचन घेताना कुठे फसायचं नाही

एका नर्सरीतून मी "कांचन" आणला. तो दिवाळीत फुलला, भर पानांत. म्हणजे तो दुसराच, रक्तकांचन. तोही आपल्याकडचाच, पण त्याचा हंगाम पावसाळा संपल्यावरचा. फाल्गुनातला कांचन म्हणजे बौहिनिया वेरिगाटा. रोप लहान असताना पान बघा: आपल्याला हवा त्याच्या पानाची चीर उथळ, साधारण एक तृतीयांशापर्यंत, टोकं गोल. रक्तकांचनाच्या पानाची चीर जवळजवळ निम्म्यापर्यंत. फूल दिसलं तर पुंकेसर मोजा. पाच असतील तर कांचन, तीन असतील तर दिवाळीवाला. विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं, भांडून उपयोग नाही.

कांचनाला काळी माती चालते. मध्यम उंचीचा राहतो, तीन-चार वर्षांत फुलतो. घाई असलेल्यांनी हाच लावावा. पळसाला लागते ती सहनशक्ती सगळ्यांना नसते, मलाही नव्हती.

बाकीची थोडक्यात. बुच पांगरा, बुचासारख्या जाड सालीचा, मनगटाएवढी फांदी जूनच्या तोंडावर रोवली की लागतो, पण आधी चार दिवस सावलीत ठेवून कापलेलं टोक सुकू द्या. अंकोल फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरा, सुगंधी फुलतो, रोप शोधायला मात्र चपला झिजवाव्या लागतात. मोह लावायचा तर वावरात, धुऱ्यावर. जून-जुलैत फळ पिकतं, बी आठवडाभरातच पेरा, आणि फुलं नातवंडं वेचतील या हिशेबानं पेरा.

खड्डा आणि पाण्याचा हिशेब

खड्डा एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फूट, ऊन लागू द्या. भरताना निघालेली माती, एक घमेलं शेणखत, आणि काळी माती असेल तर एक तृतीयांश मुरूम. युरिया नको. नत्रानं पानं येतात, आणि पानांचं काय होतं ते वर सांगितलंच. पावसाळ्यात आळं करू नका, उलट बुंध्याकडे माती चढवा. आळं दसऱ्यानंतर करा, बुंध्यापासून दीड फूट लांब, गोल.

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आठवड्याला एक बादली, एप्रिलपासून दोन. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नळी गुंडाळून ठेवा. मेमध्ये अगदीच राहवलं नाही तर पंधरवड्यात एक बादली, तीही संध्याकाळी, आळ्यात, बुंध्याशी नाही. कुंडीतल्या धायटीचं पाणी पूर्ण तोडता येत नाही. डिसेंबर ते फुलं दिसेपर्यंत आठ-दहा दिवसांनी एकदा, वरची दोन बोटं माती खडखडीत झाल्यावर.

शेजारच्या घराचं लॉन, ड्रिपची नळी, कपडे धुण्याचं पाणी झाडाच्या मुळांशी येतं का, तेही बघा. एका मैत्रिणीचा कांचन तीन वर्षं फुलत नव्हता. शेजाऱ्यांची गाडी रोज धुतली जायची आणि पाणी भिंतीखालून हिच्याकडे यायचं.

गळलेली पानं झाडून जाळू नका. तिथेच पसरा, भेगा कमी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गारपीट होते, एका रात्रीत सगळी फुलं खाली. त्यावर इलाज नाही. पडलेली फुलं मात्र वाया जात नाहीत.

पळसाची फुलं सकाळी उचलून सावलीत चार दिवस वाळवा. दोन मुठी फुलं लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी फडक्यानं गाळा. पिवळा-नारिंगी रंग तयार. खायचा चुना नखभर टाकला की गडद होतो, पण लहान मुलं खेळणार असतील तर चुना नको, डोळ्यांत जातो. काकू धुळवडीच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन येतात आता. मागच्या वर्षी नातवाच्या पांढऱ्या शाळेच्या शर्टावर तो रंग पडला आणि चार धुण्यांत गेला नाही, त्याचं बोलणं मला अजून ऐकावं लागतं.